पहिली फुंकर

हवा बदलली की थोरलीच्या घरात आधी आल्याचा वास येतो आणि मागोमाग थंडी. ती आता स्वतः आजी झाली, केस पांढरे झाले, तरी माहेरचं 'थोरली' हे नाव काही सुटलं नाही. परवा तिच्या सुनेनं मोबाइलवरची एक यादी तिला वाचून दाखवली. सर्दी-तापाच्या दिवसांत घरच्यांची प्रतिकारशक्ती नैसर्गिक उपायांनी कशी वाढवावी, त्याचे अकरा उपाय. पुरेशी झोप, सकाळचं ऊन, मोकळी हवा, आलं, लसूण, मध, संत्री, गुळण्या, हात धुणं, रोज चालणं आणि मन शांत ठेवणं. सून मोठ्या कौतुकानं वाचत होती आणि थोरली आलं किसत होती.

"यातले दहा आमच्या आईला तोंडपाठ होते," थोरली म्हणाली. "अकरावा तेवढा तिला जन्मात जमला नाही."

सुनेला वाटलं, सासूबाई थट्टा करताहेत. थट्टा होतीच. पण किसणी खाली ठेवून थोरली खिडकीशी जाऊन बसली तेव्हा तिचे डोळे भरून आले होते, आणि त्यात आल्याचा काही दोष नव्हता. वय वाढलं की आठवणींना निमित्त लागत नाही, आणि थंडी हे तर चांगलं भरभक्कम निमित्त आहे.

तेव्हा ती बारा वर्षांची होती. खाली बाबांचं दुकान, वर राहायच्या दोन खोल्या आणि मधे एक लाकडी जिना, ज्याची चौथी पायरी पाय पडला की कण्हायची. बाबा फुंकून वाजवायची वाद्यं दुरुस्त करत. ट्रम्पेटला पडलेले पोचे आतून लाकडी गोळा सरकवून काढायचे, सुटलेल्या नळीला डाख द्यायचा, अडकलेले खटके तेल घालून मोकळे करायचे, क्लॅरनेटच्या भोकांवरच्या झिजलेल्या कातडी गाद्या बदलायच्या, असं त्यांचं काम. आई वरच्या खोलीत बसून वाद्यांच्या पेट्यांना आतून मखमल शिवून लावायची. तिचं बोट आणि सुई यांचं वैर कधी मिटलं नाही, तरी तिच्या हातची मखमल वर्षानुवर्षं जागची हलत नसे.

या घराची एक रीत होती. दुरुस्त झालेलं वाद्य गिऱ्हाइकाच्या हाती जाण्याआधी बाबा संध्याकाळी ते वर घेऊन यायचे आणि मुलींपैकी एकीनं ते फुंकायचं. याला ते 'पहिली फुंकर' म्हणत. बाबांचं म्हणणं असं, की वाजवणाऱ्याच्या हातात फुटका डबाही वाजतो. ज्याला ओ की ठो येत नाही त्यानं फुंकल्यावरही ज्यातून आवाज निघतो, ते खरं दुरुस्त झालं. मुलींना ओ की ठो येत नव्हतं, त्यामुळे त्या या कामाला अगदी लायक होत्या. एक दिवस थोरलीची पाळी, एक दिवस धाकटीची. बाबा आधी स्वतः दोन सूर काढून बघायचे, खांद्यावरच्या फडक्यानं माउथपीस पुसायचे आणि वाद्य पुढे करायचे. मग जो काही आवाज निघायचा त्याला आवाज म्हणणं हे बाबांचं मोठेपण. रेकणं, डरकणं, कधी नुसतंच फुस्स. आई हातातली सुई मखमलीत टोचून ठेवायची आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायची.

धाकटीला घरात टिल्ली म्हणत. सात वर्षांची, पाच वर्षांच्या मुलीएवढी, आणि बोलण्यात मात्र सत्तरीची. तिची छाती नाजूक होती. दोन हिवाळे लागोपाठ तिला साध्या सर्दीनं सुरुवात होऊन न्यूमोनिया झाला होता आणि दोन्ही वेळा दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. दुसऱ्या वेळी डॉक्टर आईबाबांना बाहेरच्या बाकावर घेऊन बसले. म्हणाले, अशी तिसरी वेळ या छातीला झेपेल असं मी सांगू शकत नाही. कोरड्या, उबदार हवेच्या जागी कुणी नातेवाईक असेल तर पोरीला दोन-तीन वर्षं तिकडे ठेवा. अशी जागा होती. मावशी दीड दिवसाच्या रेल्वेप्रवासावर राहायची, तिला मूलबाळ नव्हतं आणि तिकडे बारा महिने ऊन होतं.

आई म्हणाली, एक हिवाळा मला द्या. मी तिच्या अंगात कस भरते. प्रतिकारशक्ती हा शब्द त्या घरात कुणी ऐकला नव्हता. आई त्याला कस म्हणायची.

डॉक्टरांनी मान डोलावली आणि जाता जाता सांगितलं की छातीचा व्यायामही हवा. दीर्घ श्वास घ्यायला लावा, फुगे फुगवायला द्या. आईला हा सल्ला फार पटला. फुगे कशाला आणायचे, खाली दुकानभर भोंगे पडलेत. त्या दिवसापासून पहिली फुंकर रोज टिल्लीची झाली.

थोरलीनं तक्रार करण्यासारखं काय होतं? बहीण आजारी, आपण धडधाकट, आणि वर शहाणं असण्याची जबाबदारी मोठ्या मुलीवर जन्मतःच पडलेली. पण रोज संध्याकाळी चौथी पायरी कण्हली की तिला टिल्लीचा हेवा वाटायचा, आणि मग स्वतःचीच लाज.

त्या वर्षी गारठ्याची पहिली चाहूल लागली तशी आईनं कंबर कसली. सकाळी सहाला सगळ्या खिडक्या सताड उघड्या, मोजून पंधरा मिनिटं. बाबा पांघरुणातून कुरकुरायचे, की थंडीला आपणच घरात बोलवायचं आणि मग दिवसभर तिच्याशी भांडायचं, हे कुठलं शहाणपण. मग मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, चौघांनी एका ओळीत उभं राहून. हात कोपरापर्यंत धुवायचे आणि तीसपर्यंत मोठ्यानं म्हणायचं. एकोणतिसाला नळ बंद केला तर पुन्हा एकपासून. दुपारच्या जेवणात लसणीचं सूप. या लसणीपायी शाळेत थोरलीच्या बाकावर कुणी बसेनासं झालं. तिनं घरी तक्रार केली तर आई म्हणाली, उत्तम झालं, म्हणजे कुणाची शिंकही तुझ्या अंगावर येणार नाही.

चार वाजता आलं, लिंबू आणि मध घातलेलं गरम पाणी. ते प्यायचं म्हणजे प्यायचं, मग तुम्ही कुणीही असा. एकदा बाबांकडे सनई घेऊन आलेल्या गिऱ्हाइकालाही आईनं ते पाजलं होतं. गाद्या-उशा उन्हात, माणसं उन्हात, संत्र्याच्या सालीसुद्धा उन्हात. रोज अर्धा तास चालायचं आणि नऊच्या ठोक्याला दिवा बंद. आई दिवसभर मोजत असायची. मिनिटं, घोट, पाकळ्या, पावलं, आणि टिल्ली झोपल्यावर तिचे श्वास. थोरली तिच्याच शेजारी झोपायची, त्यामुळे अंधारात आईचं ते ओठ हलवणं तिला दिसायचं.

आणि फळ दिसायला लागलं होतं. महिनाभर टिल्लीला साधी शिंक आली नाही. गालांवर रंग आला, जिना ती न थांबता चढू लागली. आई मावशीचा विषय निघाला की हात झटकायची.

मग एका सोमवारी गावच्या बँडची वाद्यं आली. हा बँड वसंतात मैदानावर कार्यक्रम करायचा आणि त्याआधी वर्षातून एकदा सगळी वाद्यं बाबांकडे धाडायचा. अकरा पेट्या हातगाडीवरून उतरल्या. दुकानात पाय ठेवायला जागा उरली नाही. बाबांच्या अंगात अशा वेळी बारा माणसांचं बळ येई. किरकोळ कामाची चार वाद्यं त्यांनी त्याच दिवशी हातावेगळी केली आणि संध्याकाळी एकामागून एक वर आणली. टिल्लीनं चारही फुंकली. मोठ्या भोंग्यातून तर असा आवाज निघाला की समोरच्या घरातल्या बाईंनी खिडकी उघडून विचारलं, काही पडलं का. आई त्या दिवशी इतकी हसली की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला.

गुरुवारी टिल्लीला ताप आला.

आईच्या तोंडचं पाणी पळालं. काय चुकलं, कुठे चुकलं, याचा शोध सुरू झाला. खिडकी सोळा मिनिटं उघडी राहिली होती का? मंगळवारी टिल्ली अनवाणी जिन्यात गेली होती, त्यामुळे का? चालायला गेल्यावर वाटेत भेटलेल्या शिक्षिकेनं तिचा गाल ओढला होता, तिला सर्दी होती का? एकेकावर संशय घेऊन झाला. लसणीच्या पाकळ्या दोनाच्या चार झाल्या. थोरलीला तर वाटलं आपणच काही केलं असेल, कारण फुंकर आपल्याला मिळावी असं तिच्या मनात आलं होतं आणि मनातल्या गोष्टी लागतात असं तिनं ऐकलं होतं.

डॉक्टर आले, छाती तपासली. अजून न्यूमोनिया नव्हता. पण ते आईकडे न बघता बाबांना म्हणाले, की ताप उतरला की त्याच आठवड्यात हिला पाठवा. मावशीला तसं कळवलं होतंच. आईनं माळ्यावरची बॅग काढून पुसली आणि टिल्लीचे कपडे घड्या घालून त्यात ठेवायला लागली, एकेक घडी तीनदा मोडून. गाडी पुढच्या शुक्रवारची ठरली.

थोरली त्या रात्रीपासून टिल्लीला घट्ट धरून झोपायला लागली. या अंथरुणात आपण एकटीच झोपणार, ही कल्पना तिला सहन होत नव्हती. टिल्लीची लाथ तिला दर रात्री बसायची, तिच्या पांघरुणाचा अर्धा हिस्सा टिल्ली गुंडाळून घ्यायची, आणि यातलं काहीएक आपल्याला नको आहे असं ती गेली सात वर्षं म्हणत आली होती.

मंगळवारी दुपारी पोस्टमन मावशीचं पत्र घेऊन आला. हा पोस्टमन बँडात मोठा भोंगा वाजवायचा. अंगानं तो भोंग्याला शोभेसाच होता, पण त्या दिवशी गाल बसलेले आणि गळ्याभोवती मफलरचे तीन वेढे. बाबा सामान आणायला गेले होते आणि थोरली दुकानात बसली होती. पत्र देऊन तो स्टुलावर टेकला आणि धाप लागल्यामुळे जरा वेळ नुसताच बसला. मग त्यानं सहज विचारलं, की मिस्त्रींनी माझा भोंगा केव्हा उरकला.

"आला त्याच दिवशी," थोरली म्हणाली.

"घाई नव्हती गं पोरी. बँडात एक माणूस धड उभा राहत नव्हता, म्हणून तर मास्तरांनी सगळीच वाद्यं एकदम धाडून दिली. दरवर्षीचंच आहे हे. पहिल्या गारठ्यात आम्ही सगळे आडवे, की वाद्यं तुमच्याकडे. मी तर रविवारी रात्रीपर्यंत खोकत खोकत फुंकत होतो आणि सोमवारी अंथरूण धरलं."

तो गेला. थोरली हातात पत्र घेऊन तशीच उभी राहिली. दरवर्षीचंच. मागच्या वर्षी टिल्ली आजारी पडली तेव्हाही दुकानात अशीच पाय ठेवायला जागा नव्हती, पेट्यांना अडखळून डॉक्टर पडता पडता वाचले होते. त्याच्या आदल्या वर्षीसुद्धा. मागच्या दोन्ही वर्षी पाळी दोघींची होती आणि थोरलीलाही ताप आला होता, पण तिची छाती दणकट म्हणून तो तीन दिवसांत उतरला आणि सगळे विसरून गेले. कोपरापर्यंत हात धुऊन, तीसपर्यंत मोजून, मग आजारी माणसाच्या तोंडचा भोंगा थेट आपल्या तोंडात. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

ती धावत वर गेली. आई बॅगेपाशी बसली होती. थोरलीनं एका दमात सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, की टिल्लीला फुंकर द्यायची नाही, तिला त्यानंच ताप येतो.

आईनं मान वर केली. पाच रात्री धड न झोपलेलं माणूस जसं बघतं तसं तिनं बघितलं.

"तुझी पाळी गेली ते अजून पोटात आहे ना तुझ्या?" ती म्हणाली. "बहीण शुक्रवारी चालली, आणि तुला हे सुचतंय. एवढा मत्सर बरा नव्हे."

घाव वर्मी बसला, कारण तो अर्धा खरा होता. पाळी पोटात होतीच. साफ खोटं असतं तर थोरली भांडली असती. अर्ध्या खऱ्यापुढे भांडता येत नाही. ती पत्र आईच्या शेजारी ठेवून खाली आली आणि दुकानाच्या कोपऱ्यात, पेट्यांच्या मागे, बाबा येईपर्यंत रडत बसली. दुसरं कुणी असतं तर त्यानं जीभ आवरली असती. तीही आवरणार होती. पण शुक्रवारची गाडी डोळ्यांसमोरून हलेना.

बाबा आले. पेट्यांमागून हुंदका ऐकून त्यांनी वाकून बघितलं आणि काही न विचारता जमिनीवर तिच्या शेजारी बसले. थोरलीनं त्यांना सगळं सांगितलं, या वेळी हळूहळू. पोस्टमन काय म्हणाला ते शब्दाला शब्द. सांगून झाल्यावर बाबांनी खांद्यावरचं फडकं काढून हातात घेतलं. त्याच एका फडक्यानं ते सगळी वाद्यं पुसत, सगळ्यांची.

"आईला सांगितलंस?"

थोरलीनं मान डोलावली.

"काय म्हणाली?"

थोरलीनं तोंड गुडघ्यांत लपवलं. बाबांना कळायचं ते कळलं. ते उठले, फडकं कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि जिना चढले. ती त्यांच्या मागे गेली, पण दाराबाहेरच थांबली.

बाबा बोलण्यात कच्चे होते. घरात जे काही वक्तृत्व होतं ते आईच्या वाट्याला आलं होतं. ते इतकंच म्हणाले, की चूक माझी आहे. आजारी लोकांची वाद्यं मी घेतो, मी वर आणतो, पुसतो तेही धड पुसत नाही. थोरलीला बोलू नकोस. मला बोल.

आई म्हणाली, "तुम्ही आणता. पण तिच्या तोंडाला लावायला कोण सांगतं?" आणि मग, स्वतःशीच बोलल्यासारखी, "रोज आल्याचा रस पाजला मी तिला. रोज. आणि वरून हे."

तिच्या हातात टिल्लीचा लोकरी मोजा होता. तो तिनं उलटा केला, सुलटा केला, पुन्हा उलटा केला.

तेवढ्यात पलंगावरून आवाज आला. टिल्ली झोपलेली नव्हती. ती बहुधा कधीच झोपलेली नसे, नुसती डोळे मिटून घरातल्या बातम्या गोळा करत असे.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

तिघांनी तिच्याकडे बघितलं.

"पोस्टमनकाकांच्या भोंग्याला खोकल्याच्या गोळीचा वास येतो. मागच्या वर्षी पण येत होता. असा वासाचा वाजवला की मला ताप येतो."

"मग बोलली का नाहीस गं?" आईचा आवाज फुटला.

"तू बंद केलं असतंस." टिल्लीनं पांघरूण नाकापर्यंत ओढलं. "दिवसभर तू मोजत असतेस. तेव्हाच फक्त हसतेस."

आई पलंगावर जाऊन बसली आणि रडली. मुलींनी तिला रडताना तोवर पाहिलं नव्हतं. ती रडू शकते हीच त्यांना बातमी होती. बाबा खिडकीकडे तोंड करून उभे राहिले आणि खिडकीची कडी उगीचच वरखाली करत बसले. थोरली अजून दारातच होती. तिला वाटलं होतं की टिल्लीकडून फुंकर काढून घेणारी मी पहिली दुष्ट. आणि टिल्लीनं तर ताप पत्करला होता, आईच्या त्या दहा मिनिटांच्या हसण्यासाठी. एवढं प्रेम आपल्यालाही करता येईल का, असा प्रश्न तिला बाराव्या वर्षी पडला, आणि खरं सांगायचं तर तो अजून सुटलेला नाही.

त्याच संध्याकाळी डॉक्टरांना विचारून झालं. ते म्हणाले, शक्य आहे. ठामपणे नाही सांगत, छाती तिची नाजूकच आहे, पण शक्य आहे. ठेवायचं तर तुमच्या जबाबदारीवर ठेवा. आईनं खाली दुकानात जाऊन घरातल्या सर्वांत मोठ्या पातेल्यात अकराही माउथपीस उकळायला टाकले. बाबा हळूच म्हणाले, की क्लॅरनेटचे रबरी आहेत, ते एवढ्या आचेवर वाकडे होतील. झाले. तीन माउथपीस बाबांना भरून द्यावे लागले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच असं झालं, की आईच्या उपायानं झालेलं नुकसान त्यांनी तिला बोलून दाखवलं नाही.

पुढे काय झालं तेही सांगून टाकू, म्हणजे जीव टांगणीला राहायला नको. त्या हिवाळ्यात टिल्लीला त्यानंतर एकदाच सर्दी झाली, चार दिवसांची, चारचौघांना होते तशी. दवाखान्याची पायरी चढावी लागली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी नाही, आणि त्याच्याही पुढच्या नाही. आलं-लसूण चालूच राहिलं, खिडक्या उघडत राहिल्या, आणि त्या सगळ्याचा गुण येत होता हेही खरं. फक्त इतकी वर्षं एका हातानं भरायचं आणि दुसऱ्यानं सांडायचं असं चाललं होतं. पहिली फुंकर बंद झाली नाही. बाबांनी दोघी मुलींना एकेक माउथपीस घडवून दिला, जिचा तिचा, दुसऱ्याच्या तोंडाला न लागणारा, आणि पाळ्या पुन्हा दिवसाआड झाल्या. टिल्ली पुढे मोठी वादक झाली असं सांगायला मजा आली असती, पण ती दातांची डॉक्टर झाली. जन्मभर लोकांच्या तोंडाशी काम करते, नाकातोंडावर मास्क बांधून, आणि दर थंडीत ताईला फोन करून विचारते की खिडक्या उघडल्यास का.

पण परवा खिडकीशी बसलेल्या थोरलीच्या डोळ्यांत पाणी आलं ते यातल्या कशानं नाही. ते आलं पोस्टमन येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशीच्या, बुधवारच्या दुपारच्या आठवणीनं. मावशीला कळवायचं होतं. घरातली पत्रं थोरली लिहायची, कारण तिचं अक्षर चांगलं होतं आणि आईची बोटं सुईनं सोललेली असत. ती टेबलाशी कागद घेऊन बसली. आई मागे उभी राहून सांगायला लागली, नेहमीसारखी, एकेक वाक्य, लिहून होईपर्यंत थांबून.

लिही, की धाकटी शुक्रवारी येत नाही. लिही, की तू खोली लावलीस, शाळेचं बघून ठेवलंस, तुझा जीव हिरमुसेल, मला क्षमा कर. लिही, की आजार कुठून येत होता ते आता कळलंय.

"ते मला कळलं नाही," आई सांगत होती, "थोरलीला कळलं. तिनं मला सांगितलं, तेव्हा मी तिला मत्सरी म्हटलं."

थोरलीचं पेन थांबलं. मान वर न करता ती म्हणाली, "हे मावशीला कशाला कळवायचं, आई?"

"मावशीला नाही," आई म्हणाली. "तुझ्या हातानं लिहिलं जावं म्हणून सांगतेय. लिही."

थोरलीनं लिहिलं. त्या एका ओळीतलं अक्षर वेडंवाकडं आलं, शाई एका जागी फुटली. तिनं दुसरा कागद घ्यायला हात पुढे केला, तर आईनं तिचा हातच धरला आणि पत्र तसंच घडी घालून पाकिटात ठेवलं.